ज्याँ मोने अध्यासन: युरोपियन युनियनचा पैसा नेमका कुणापर्यंत पोचतो?

र्‍हाईनकाठ

परदेशी विद्यापीठांतल्या नोकऱ्यांच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की युरोपियन स्टडीजमधली ती ‘ज्याँ मोने चेअर’ (युरोपियन युनियनच्या अनुदानावरचं अध्यासन) कशी मिळते, जाहिरात कुठे येते. तिथे अवांतर झालं असतं म्हणून वेगळा धागा काढतेय. मी जर्मनीत एका विद्यापीठात राज्यशास्त्र विभागात कंत्राटावर शिकवते आणि या अर्जांच्या कामात माझा हात लागलेला आहे, त्यामुळे बरंचसं जवळून बघितलेलं आहे.

तर पहिली गोष्ट म्हणजे ही नवीन जागा नसतेच. जाहिरात येत नाही, मुलाखत होत नाही. विद्यापीठात जो माणूस आधीच कायम नोकरीत प्रोफेसर आहे त्याच्यासाठी विद्यापीठ ब्रुसेल्सच्या ईएसीईए नावाच्या एजन्सीकडे अर्ज करतं, कुणालाही वैयक्तिक अर्ज करता येत नाही. मंजूर झालं की तीन वर्षांचं अनुदान मिळतं, सध्या जास्तीत जास्त ६०,००० युरो (२०१४ ते २०२० च्या फेरीत ही मर्यादा ५०,००० होती आणि ती एकूण खर्चाच्या ७५ टक्के धरलेली असायची, उरलेला भार विद्यापीठाचा). बदल्यात त्या प्रोफेसरने दर वर्षी किमान ९० तास युरोपियन युनियनबद्दल शिकवायचं. प्रत्यक्ष रक्कम किती हे शिकवण्याचे तास आणि देश यावरून ठरतं.

आता हिशेब करा. तीन वर्षांत ६०,००० म्हणजे वर्षाला २०,००० युरो. इथे जर्मनीत ई-१३ ग्रेडच्या (विद्यापीठातल्या संशोधक-शिक्षकांची नेहमीची वेतनश्रेणी) एका पूर्णवेळ जागेचा विद्यापीठाला पडणारा वर्षाचा खर्च याच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणजे या पैशात नवा माणूस घेताच येत नाही. मग पैसा कुठे जातो? परिषद, पाहुण्यांची व्याख्यानं, वेबसाइट, थोडे विद्यार्थी सहायक, आणि प्रोफेसरसाहेबांच्या नावापुढे एक मानाची पदवी. यातलं काही वाईट नाही, पण ज्या माणसाची नोकरी आधीच पक्की आहे त्यालाच ही रक्कम द्यायची असा नियमच आहे, कारण अध्यासनधारक कायमस्वरूपी नोकरीतलाच हवा. त्याच विभागात युरोपियन कायद्याचे, युरोपियन संस्थांचे पायाभूत कोर्स जी तरुण मंडळी सहा-सहा महिन्यांच्या करारावर शिकवतात त्यांच्या हातात यातलं काही पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक पैशातून युरोपचा अभ्यास टिकवायचा असेल तर तो शिकवणाऱ्यांच्या जागांवर खर्च व्हायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

कोथरूडकर

चांगला धागा. मला तर इतकी वर्षं वाटत होतं की आपल्याकडे विद्यापीठात अमुक अध्यासन तमुक अध्यासन असतं तसं काहीतरी असेल, म्हणजे पद निर्माण करायचं आणि माणूस नेमायचा. निवड कशी करतात ते जरा सविस्तर लिहा ना.

र्‍हाईनकाठ

@कोथरूडकर, निवड सगळी कागदावर होते. दर वर्षी हिवाळ्यात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मुदत संपते, पोर्टलवर अर्ज टाकायचा. बाहेरचे तज्ज्ञ तो वाचून १०० पैकी गुण देतात. चार निकष आहेत, प्रत्येकाला २५: विषयाशी सुसंगती, आखणी आणि अंमलबजावणी, टीम आणि सहकार्य, आणि चौथा परिणाम. पात्र ठरायला एकूण ७० लागतात आणि प्रत्येकात किमान १५. मग गुणानुक्रमे यादी लागते आणि पैसे संपेपर्यंत वरून खाली वाटत जातात, त्यामुळे ७० च्या पुष्कळ वर असूनही हाती काही न लागणारे खूप असतात.

नंतर एक अहवाल येतो, प्रत्येक निकषाखाली दोन-चार परिच्छेद. हे मला मनापासून आवडतं, कारण का नाकारलं ते लेखी कळतं आणि पुढच्या वर्षी सुधारून टाकता येतं. पण मी पाहिलेल्या अहवालांत गुण बहुतेक कशात गेलेले असतात? तर ‘प्रसाराची योजना पुरेशी ठोस नाही’, ‘नागरी समाजापर्यंत कसे पोचणार ते स्पष्ट नाही’ अशा शेऱ्यांत. वर्गात नेमकं काय शिकवणार, कोणती पुस्तकं, परीक्षा कशी, यावर त्या मानाने फार कमी शब्द असतात.

अजून एक. तास मोजताना फक्त समूहाला शिकवलेले तास धरतात: लेक्चर, सेमिनार, ट्युटोरियल, ऑनलाइन असलं तरी चालेल. एकेका विद्यार्थ्याच्या प्रबंधाला दिलेलं मार्गदर्शन धरत नाहीत. आणि आमच्याकडे सर्वात जास्त वेळ जातो तो त्यातच, आणि तो बहुतेक कंत्राटी लोकांचाच जातो.

तासिकावाला

हे वाचून अंगावर आलं हो. मी मराठवाड्यात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहे, राज्यशास्त्रच. सेट (प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडी झालीय. आमचंही सगळं तासांवरच मोजतात, जेवढे तास तेवढे पैसे, परीक्षेचं सुपरव्हिजन पेपर तपासणी नॅकच्या (कॉलेज मूल्यांकनाच्या) फायली हे सगळं त्यात न धरता, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही आणि जूनमध्ये परत नव्याने मुलाखत द्यायची त्याच कॉलेजात त्याच टेबलासमोर. युरोपात तरी असं नसेल असं समजून चाललो होतो.

कायम जागेची भरती निघाली की रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली) तपासणी, एनओसी, मग विषयतज्ज्ञ, कुलगुरूंचे प्रतिनिधी, संस्थाचालक अशी सगळी समिती बसते. कागदावर नियम पक्के आहेत. पण किती जणांना आधीच माहीत असतं की जागा कुणाची आहे. तुमच्याकडचा तो लेखी अहवाल आमच्याकडे नुसता सुरू झाला ना, की का घेतलं नाही ते दोन ओळीत लिहून द्या, तरी निम्मं काम होईल.

र्‍हाईनकाठ

@तासिकावाला, दादा, तुमची आणि आमची परिस्थिती एक म्हणणार नाही, पगारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आम्हाला आरोग्य विमा आहे, सुट्टीचा पगार आहे. पण अनिश्चितता तीच. जर्मनीत २००७ चा एक कायदा आहे, त्यानुसार पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर ठेवता येतं, त्यानंतर एकतर प्रोफेसर व्हा नाहीतर बहुतेकांना विद्यापीठ सोडावं लागतं. २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाचा एक व्हिडिओ गाजला, त्यात ‘हाना’ नावाची कार्टूनमधली संशोधक दाखवली होती आणि मुदतीच्या करारांमुळे व्यवस्था तुंबत नाही असा सूर होता. त्यावर हजारो लोकांनी ‘मीच हाना’ असं लिहून आपापली कहाणी सांगितली. चाळिशीतली माणसं, मुलंबाळं असलेली, पुढच्या वर्षी कुठल्या शहरात असू ते माहीत नाही.

चौकसबुद्धी

मला मूळ प्रश्नच वेगळा पडलाय. ज्या संस्थेचा अभ्यास करायचा तिनेच अभ्यासकाला पैसे द्यायचे हे बरोबर आहे का? उद्या एखाद्या साखर कारखान्याने सहकारावरच्या संशोधनाला पैसे दिले तर आपण विचारूच ना की निष्कर्ष काय येणार. ब्रिटनमध्ये युरोपविरोधी लोक ब्रेक्झिटच्या कितीतरी आधीपासून या अध्यासनांना प्रचार म्हणायचे. नियमात ‘युरोपियन नागरिकत्व’, ‘युरोपियन मूल्यं’ हे सगळं लिहिलेलंच आहे. अनुदान घेतलं की निळा झेंडा छापायचा. असं असताना प्रोफेसर टीका कशी करणार?

ब्रुसेल्सकर

@चौकसबुद्धी, प्रश्न रास्त आहे पण उदाहरणं बघितली तर चित्र तेवढं सरळ नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात ज्याँ मोने अध्यासन भूषवलेले जोसेफ वायलर हे युरोपियन युनियनच्या लोकशाहीतल्या उणिवांवर सर्वात बोचरं लिहिणाऱ्यांपैकी एक आहेत, आणि तेच पुढे फ्लॉरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. झेंडा छापायला लागतो, हो. पण वर्गात काय बोललात हे तपासायला कुणी येत नाही.

मी इथे प्रकल्पांच्या अर्जांचंच काम करतो, त्यामुळे थोडा इतिहास सांगतो. ही योजना १९८९ ची, नाव ज्या ज्याँ मोनेंचं ते युरोपच्या एकत्रीकरणाची सुरुवात करणाऱ्या १९५० च्या शूमान जाहीरनाम्यामागचे मुख्य माणूस आणि नंतर कोळसा-पोलाद समुदायाच्या (आजच्या युनियनचं पहिलं रूप) उच्च प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष. (हे गृहस्थ स्वतः विद्यापीठात कधी शिकले नाहीत, सोळाव्या वर्षी शाळा सोडून घरच्या कोन्याकच्या व्यापारात गेले.) सुरुवातीला निवडीत विद्यापीठांच्या लोकांची एक परिषद असायची, कुलगुरू आणि प्राध्यापक मिळून. हेतू हाच की कमिशनने, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेने, थेट माणसं निवडू नयेत. अर्थात त्या परिषदेचे प्रमुख होते एमिल नोएल, जे १९८७ पर्यंत कमिशनचे सरचिटणीस होते, त्यामुळे अंतर किती होतं ते तुम्हीच ठरवा. आता तो भाग एजन्सी आणि बाहेरचे तज्ज्ञ बघतात.

जिथे राजकारण खरोखर आत येतं ती जागा वेगळी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीवर कारवाई झाली तेव्हा सरकारने नेमलेल्या विश्वस्त मंडळांकडे सोपवलेल्या विसाहून जास्त विद्यापीठांशी युनियनने नवे करार करणं थांबवलं, त्यात इरास्मस प्लस (युनियनची शिक्षणासाठीची मोठी अनुदान योजना) आलं आणि ज्याँ मोने हा त्याचाच भाग. कारण समजतं, त्या मंडळांवर मंत्रीच बसलेले होते. पण तिथल्या एखाद्या विभागात युरोपियन कायदा प्रामाणिकपणे शिकवणारा प्राध्यापकही त्यात अडकला, आणि हंगेरीत तर त्याचीच जास्त गरज होती.

अक्षरओळख

वाचतेय. ब्रुसेल्सकर, ते फ्लॉरेन्सचं ‘ज्याँ मोने फेलो’ आणि हे अध्यासन एकच का?

ब्रुसेल्सकर

नाही, वेगळं. फेलोशिप पीएचडी झालेल्यांसाठी असते, त्या इन्स्टिट्यूटच्या रॉबर्ट शूमान सेंटरमध्ये, तिथे माणसाने स्वतः अर्ज करायचा. ती इन्स्टिट्यूट सदस्य देशांनी १९७२ च्या कराराने काढली, १९७६ ला सुरू झाली, आणि पैसा मुख्यतः त्या देशांच्या वर्गणीतून आणि युनियनकडून. तिथे प्रोफेसरसुद्धा कायम नसतात, पाच वर्षांचा करार आणि वाढवून मिळाला तर अजून तीन. पण तिथे जागेची खुली जाहिरात येते.

खुल्या निवडीचा विषय निघालाच आहे तर बेल्जियममधल्या ब्रूजचं कॉलेज ऑफ युरोप बघा. तेही युनियनच्या अनुदानावर चालतं आणि नियमावलीत नावानिशी नोंदलेल्या मोजक्या संस्थांपैकी एक आहे. २०२० मध्ये तिथे परराष्ट्र धोरणाच्या माजी प्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांना रेक्टर नेमलं तेव्हा त्या पात्रतेच्या निकषांत बसतात का यावर माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांमधूनच आक्षेप आले होते. म्हणजे छोट्या अनुदानाला गुणांची एवढी चाळणी आणि मोठ्या खुर्चीला वेगळी पद्धत. मला हे खटकतं.

द्राक्षबाग

मी शिक्षणक्षेत्रातला नाही, नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आहेत आमची, एक्स्पोर्टची. पण या विषयाचा आमच्याशी संबंध आहे म्हणून लिहितो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या (वेलीची वाढ आवरणारं रसायन) अंशामुळे युरोपात आपला माल अडकला तेव्हा आख्ख्या तालुक्यात असा एक माणूस नव्हता जो सांगेल की ही मर्यादा कोण ठरवतं, कुठल्या नियमात आहे, त्यावर दाद कुठे मागायची. निर्यातदार एक सांगायचा, औषध दुकानदार दुसरं. शेवटी भुर्दंड कुणाला, बागायतदाराला. मग २०१४ ला हापूसवर बंदी आली एक मेपासून, ऐन हंगामात, आणि ती उठली पुढच्या जानेवारीत. कोकणातल्या लोकांना विचारा तो सीझन कसा गेला.

आपल्या विद्यापीठांत युरोपचे नियम शिकवणारे लोक असते, त्यांचे विद्यार्थी पणन मंडळात, एक्स्पोर्ट हाउसमध्ये असते, तर हे आधी कळलं असतं. त्यामुळे ब्रुसेल्स पैसे देतंय की दिल्ली याच्याशी मला घेणंदेणं नाही, शिकवणारा माणूस टिकला पाहिजे. तीन वर्षांनी पैसे संपले आणि कोर्स बंद, असं झालं तर उपयोग काय?

मांडवीतीर

द्राक्षबाग यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या गोव्यात तर घरटी कोणी ना कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर आहे, ब्रेक्झिटच्या वेळी इंग्लंडात स्विंडनला असलेल्या नातेवाइकांचे फोनवर फोन, आम्हांला राहता येईल का, आईला बोलावता येईल का. युरोपियन युनियनचं नागरिकत्व काय असतं हे सांगणारे एजंट सापडतात, अभ्यासक सापडत नाहीत.

गोवा विद्यापीठात सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या पैशातून अभ्यागत प्राध्यापकपदं आहेत, दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावाचं, बाकीबाब बोरकरांच्या नावाचं. चांगली माणसं येतात, व्याख्यानं सगळ्यांना खुली असतात, मी स्वतः ऐकायला जातो. पण ते पाहुणे असतात, येतात आणि जातात. विभागात रोज शिकवणाऱ्याची जागा त्याने भरत नाही. र्‍हाईनकाठ म्हणतात तेच.

ब्रुसेल्सकर

@र्‍हाईनकाठ, तुमच्या मूळ मुद्द्यावर एक अडचण सांगतो. शिक्षण हा सदस्य देशांचा विषय आहे. युनियनच्या कराराच्या १६५ व्या कलमात स्पष्ट आहे की अध्यापनाचा आशय आणि शिक्षणव्यवस्थेची रचना ही देशांची जबाबदारी, युनियनने फक्त साहाय्य करायचं. ब्रुसेल्सने विद्यापीठात पदं निर्माण करायला सुरुवात केली तर उद्याच पॅरिस-बर्लिनहून पत्र येईल. शिवाय बजेट बघा, २०२१ ते २०२७ चं इरास्मस प्लस साधारण २६ अब्ज युरोचं, त्यातला ज्याँ मोनेचा वाटा दोन टक्क्यांहून कमी. एवढ्यात जगभरातले देश. पदं कशी काढणार?

र्‍हाईनकाठ

कलम १६५ मला मान्य आहे, पण त्यामुळे हात पूर्ण बांधले जातात हे मान्य नाही. दोन दाखले देते, दोन्ही युनियनचेच.

एक, होरायझन २०२० या युनियनच्या संशोधन योजनेतले ‘एरा चेअर्स’. पोर्तुगाल, रोमानिया वगैरे संशोधनात मागे पडलेल्या देशांतल्या संस्थांना पाच वर्षांसाठी २५ लाख युरोपर्यंत मिळायचे आणि अट अशी की त्या खुर्चीसाठी खुली, पारदर्शक जाहिरात काढून माणूस घ्यायचा. म्हणजे युनियनच्या पैशातून नवा माणूस, खुल्या निवडीने, हे झालेलं आहे. तिथे नाही कुणी पत्र पाठवलं.

दुसरा दाखला खुद्द ज्याँ मोनेचा. सुरुवातीच्या काळात नियम असा होता की पहिली तीन वर्षं ब्रुसेल्स मदत करणार आणि त्यापुढे चार वर्षं तो विषय विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून चालू ठेवायचा, एकूण सात वर्षांची हमी. त्या काळी अनुदान म्हणजे बी-भांडवल होतं, त्यातून विभागात जागा तयार व्हायची. आज अर्जात ‘टिकाऊपणा’ या शीर्षकाखाली दोन परिच्छेद लिहिले की पुरतं. आम्ही लिहिले ते परिच्छेद. त्यात लिहिलं की अभ्यासक्रम पुढेही चालू राहील. कोण शिकवणार, कुठल्या करारावर, हे कुणी विचारलं नाही. तो कोर्स आज शिकवणारी माझी सहकारी पूर्णवेळाच्या ६५ टक्के जागेवर आहे आणि तिचा करार अनुदानाच्याही आधी संपतोय.

मला नवीन योजना नकोय. अर्जात एक तक्ता घाला: प्रोफेसरने हे ९० तास घेतले तर त्याचे आधीचे कोर्स कोण घेणार, त्या माणसाचा करार किती वर्षांचा, पगार किती टक्के. आणि त्या तक्त्याला गुण द्या. विद्यापीठं गुणांसाठी काय वाटेल ते करतात, हे करारही लांबवतील.

चौकसबुद्धी

हा तक्त्याचा मुद्दा पटला. माझा स्वातंत्र्याचा प्रश्नही त्यातच थोडा सुटतो, कारण ज्याची नोकरी दर वर्षी टांगणीला आहे तो टीका करताना दहादा विचार करणार. पैसा कोण देतो यापेक्षा तो माणूस किती सुरक्षित आहे हे जास्त महत्त्वाचं असू शकेल. एमिल नोएलवाली माहिती नवीन होती, धन्यवाद ब्रुसेल्सकर.

कोथरूडकर

भारतात कुणाला मिळालंय का हे?

ब्रुसेल्सकर

हो तर. दिल्लीला जेएनयूच्या सेंटर फॉर युरोपियन स्टडीजमध्ये अध्यासन होऊन गेलंय, मणिपालच्या युरोपियन स्टडीज सेंटरला ज्याँ मोने सेंटर ऑफ एक्सलन्स मिळालेलं आहे. सेंटर ऑफ एक्सलन्सची मर्यादा एक लाख युरो. भारत-युरोप व्यापार कराराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली आणि २०२२ ला परत सुरू झाली, एवढ्या काळात आपल्याकडे या विषयाचे विभाग बोटांवर मोजण्याइतके असावेत हे मात्र बरोबर नाही. मुंबई-पुण्याला बंदर आहे, उद्योग आहे, लॉ कॉलेजं आहेत.

तासिकावाला

एक विचारू का, आमच्यासारख्या संलग्न कॉलेजला अर्ज करता येतो का? आमचे एक प्राचार्य उत्साही आहेत. मी कायम नाही पण कॉलेजात दोन कायम प्राध्यापक आहेत राज्यशास्त्राला. आणि पैसे कॉलेजच्या खात्यात आले तर पुढे काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून तेही विचारतो.

र्‍हाईनकाठ

नक्की करा. अध्यासनाच्या मागे लागू नका, त्याखालचं ‘मॉड्यूल’ बघा. त्याला वर्षाला किमान ४० तास, तीन वर्षं, म्हणजे एक-दोन पेपरांत बसतं आणि रक्कम लहान असली तरी अर्ज आवाक्यातला असतो. अर्जदार उच्च शिक्षण संस्था हवी, देश कुठलाही चालतो (सध्या रशिया आणि बेलारूस सोडून). सर्वात आधी कॉलेजचा पिक नंबर (संस्थेचा ओळख क्रमांक) काढायचा, नऊ आकडी असतो, युनियनच्या फंडिंग अँड टेंडर्स पोर्टलवर संस्थेची नोंदणी केली की मिळतो. त्यासाठी संस्थेची नोंदणीची कागदपत्रं लागतात, म्हणून प्राचार्यांना आत्ताच कामाला लावा. एफसीआरएचं (परदेशातून येणाऱ्या पैशावरचा कायदा) काय ते कॉलेजच्या सीएला आधी विचारून घ्या, नंतर धावपळ नको.

विषय म्हणून ‘युरोपियन युनियनचे अन्नसुरक्षा नियम आणि मराठवाड्यातली शेती’ असं काहीतरी घ्या. सुसंगतीच्या निकषात तुमच्या भागाचा युनियनशी खरा संबंध दाखवता आला तर अर्ज वजनदार होतो, आणि तुमच्याकडे तो आहे. द्राक्षबाग, तुम्ही एक पत्र द्याल का त्यांना, शेतकरी गट म्हणून?

पैशाबद्दल: अर्जात कामाचे भाग पाडून त्यात कोण काय करणार ते लिहायचं असतं. तिथे स्वतःचं नाव तासांसकट घाला. सही व्हायच्या आधी घाला, नंतर कुणी घालत नाही.

द्राक्षबाग

पत्र देतो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या लेटरहेडवर देतो, आणि २०१० चे रिजेक्शनचे कागद अजून जपून ठेवलेत ते पण वापरा शिकवायला. तासिकावाला सर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.